मितभाषी यंत्रे

मुंबईच्या रस्त्यांवर १८६५ साली वायूचे दिवे प्रथम लागले, तेव्हा त्या प्रत्येक दिव्यापाशी सायंकाळी कोणी तरी मनुष्य जाऊन तो पेटवीत असे आणि पहाटे पुन्हा येऊन विझवीत असे; आणि ही येरझार वरवर पाहता केवळ दिवा लावण्याविझविण्यापुरतीच असली, तरी तिच्यातून नगरव्यवस्थेला आणखी एक गोष्ट न मागता मिळत होती, ती म्हणजे प्रत्येक दिव्याची दररोजची खबर. कोणत्या खांबाची काच फुटली, कोणती ज्योत मंदावली, कोणत्या वळणावर झाडाची फांदी उजेडाच्या आड आली, हे सारे त्या इसमाच्या डोळ्यांखालून जात असे. पुढे १८८२ मध्ये क्रॉफर्ड मार्केटात विजेचे दिवे आले आणि कालांतराने एक कळ दाबून संपूर्ण रस्ता उजळण्याची सोय झाली. श्रम वाचले, प्रकाश वाढला, खर्च उतरला, परंतु मनुष्याचा हात आणि दिवा यांची जी ताटातूट त्या दिवशी झाली, तिच्यामुळे दिव्याची खबर मात्र नागरिकाच्या तक्रारअर्जावर येऊन पडली. विझलेल्या दिव्याविषयी निदान अर्ज तरी येतो. भर दुपारी जळत राहिलेल्या दिव्याविषयी कोणीच काही कळवीत नाही आणि त्याचा आकार मात्र नगरपालिकेच्या खात्यावर मुकाट्याने चढत राहतो.

या प्रकरणात ज्या बिनतारी साधनांचा विचार करावयाचा आहे, त्यांचे खरे कार्य ही हरवलेली खबर परत आणणे हे होय, असे माझे मत आहे. घरातील दिवा मोबाइलवरून लावता येतो, वातानुकूलक कचेरीतून निघतानाच चालू करता येतो, यालाच लोक या विद्येचे सर्वस्व समजतात आणि विक्रेतेही तेच दाखवितात. पण दुरून हुकूम सोडणे ही या विद्येची सर्वांत जुनी आणि ऊर्जेच्या दृष्टीने सर्वांत गौण बाजू आहे. आचार्य जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ च्या सुमारास कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये भिंतीपलीकडून अदृश्य लहरी पाठवून घंटा वाजविली आणि बंदुकीची दारू पेटविली, तेव्हाच तारेवाचून हुकूम बजावण्याचा प्रयोग आपल्या देशात सिद्ध झाला होता. त्यानंतरच्या सव्वाशे वर्षांत साध्य झाले ते वेगळेच आहे. हजारो क्षुद्र यंत्रांना अत्यल्प विजेवर, अत्यल्प शब्दांत आणि वर्षानुवर्षे आपली खबर देत राहता यावी, ही ती सिद्धी. आणि ती ज्या एका गुणावर उभी आहे तो गुण म्हणजे मौन.

हे मौन म्हणजे काय, हे एका छोट्या हिशेबाने स्पष्ट होईल. रुपयाच्या नाण्याएवढ्या आकाराचा जो चपटा विद्युत्घट बाजारात सर्वत्र मिळतो, त्याची धारणशक्ती सुमारे २२० मिलिअँपिअर-तास असते. खोलीचे तापमान मोजून कळविणारा एखादा बिनतारी संवेदक लहरी प्रक्षेपित करीत असताना साधारण १५ मिलिअँपिअर प्रवाह घेतो असे धरले, तर अखंड बोलत राहिल्यास तो घट १५ तासांच्या आत संपून जाईल. परंतु हाच संवेदक निद्रिस्त असताना एक-दोन मायक्रोअँपिअरवर, म्हणजे त्याच्या सुमारे दहा हजाराव्या हिश्श्यावर, जिवंत राहू शकतो. आणि त्याने काही मिनिटांतून एकदाच जागे व्हावे, तापमान मोजावे, चार आकडे कळवावेत आणि पुन्हा झोपी जावे अशी योजना करून सरासरी खर्च १० मायक्रोअँपिअरवर आणला, तर तोच घट २२,००० तास, म्हणजे अडीच वर्षे पुरतो. घटाच्या रसायनात येथे काहीही सुधारणा केलेली नाही. सारी किमया बोलण्याच्या संयमात आहे.

हा संयम शास्त्रशुद्ध नियमांत बांधण्याचे महत्त्वाचे कार्य २००३ मध्ये झाले. विद्युत् आणि विद्युदणू अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने त्या वर्षी ८०२.१५.४ या क्रमांकाचे जे मानक प्रसिद्ध केले, त्यात एका संदेशाची कमाल मर्यादा १२७ बाइट आणि बोलण्याचा वेग सेकंदाला अडीच लाख बिट असा ठरविण्यात आला. म्हणजे पूर्ण लांबीचा संदेशही सुमारे चार सहस्रांश सेकंदात उरकतो. चलत्चित्रे वाहून नेणाऱ्या वाय-फायच्या तुलनेत ही गती अगदीच किरकोळ आहे, परंतु खिडकी उघडी आहे की मिटलेली, खोलीत कोणी आहे की नाही, एवढेच ज्याला सांगायचे त्याला मोठ्या गतीचे प्रयोजनच नसते. झिग्बी आणि पुढे २०१४ मध्ये उदयास आलेली थ्रेड या दोन्ही पद्धती याच पायावर उभ्या आहेत.

या पद्धतींतील दुसरी युक्ती अंतराविषयीची आहे. प्रक्षेपकाची शक्ती इतकी मर्यादित ठेवलेली असते की दोन-तीन पक्क्या भिंती मध्ये आल्या की संदेश क्षीण होतो. मग दूरच्या खोलीची किंवा दूरच्या खांबाची खबर केंद्रापर्यंत पोहोचावी कशी? येथे जी तजवीज केली आहे ती जुन्या काळच्या टपालाच्या बंदोबस्तासारखी आहे: एका ठाण्याचा हरकारा पुढच्या ठाण्यापर्यंत धावे आणि तेथे ताज्या दमाच्या हरकाऱ्याच्या हाती थैली देऊन परत फिरे, आणि अशा रीतीने एकाही मनुष्याला सारा मार्ग न तुडविता पत्र शेकडो कोस जाई. बिनतारी जाळ्यातही प्रत्येक यंत्र आपल्या शेजाऱ्यापुरतेच बोलते आणि शेजारी ते पुढच्याला सांगतो. मधला एखादा मुक्काम बंद पडला तर संदेश दुसऱ्या वाटेने वळतो. मात्र हे वाहून नेण्याचे काम घटावर जगणाऱ्या, निद्रिस्त राहणाऱ्या संवेदकांकडे दिले जात नाही. ज्यांना तारेतून अखंड वीज मिळते अशी दिवे, कळा, मीटर ही यंत्रेच जागी राहून ते करतात. म्हणूनच रस्त्यावरचा दिव्याचा खांब हा नगराच्या बिनतारी जाळ्याचा स्वाभाविक आधारस्तंभ ठरला: तो उंच आहे, नियमित अंतरावर आहे आणि त्याला वीज आहे.

अनेकांनी एकाच अवकाशात बोलायचे म्हटले की शब्दावर शब्द आदळणार, हे ओघाने आलेच. ही अडचण १९७१ मध्ये हवाई बेटांवर सुटली. तेथील विद्यापीठात नॉर्मन अब्रामसन आणि त्यांचे सहकारी निरनिराळ्या बेटांवरील केंद्रे होनोलुलूच्या संगणकाशी रेडिओने जोडीत होते, आणि त्यांनी कोणालाही पाळी नेमून न देता असा शिरस्ता घातला की ज्याला बोलायचे त्याने बोलावे, पोच मिळाली नाही तर टक्कर झाली असे समजावे, आणि प्रत्येकाने यदृच्छेने ठरविलेला वेळ थांबून पुन्हा प्रयत्न करावा. या मुक्त पद्धतीत वाहिनीच्या क्षमतेपैकी जेमतेम १८ टक्क्यांचाच उपयोग होतो, असे गणिताने सिद्ध होते. बोलक्या यंत्रांच्या बाबतीत हा अपव्यय असह्य झाला असता. पण दिवसातून मोजके शब्द बोलणाऱ्या यंत्रांसाठी हीच सर्वांत स्वस्त राज्यव्यवस्था आहे, कारण पाळी नेमून देण्यासाठी जो पत्रव्यवहार करावा लागला असता तोच मुळी वाचतो. आजची अनेक जाळी, मुख्यतः लांब पल्ल्याची, तत्त्वतः याच वाटेने चालतात.

आता परवान्याविषयी. रेडिओ लहरींचे क्षेत्र ही सर्वत्र सरकारी मालमत्ता मानली जाते आणि तिचे पट्टे लिलावाने किंवा सनदेने दिले जातात. प्रत्येक दिव्यासाठी आणि प्रत्येक संवेदकासाठी जर परवाना काढावा लागला असता, तर हे सारे शास्त्र प्रयोगशाळेच्या उंबरठ्यातच अडकून पडले असते. अमेरिकेच्या संचार आयोगाने १९८५ मध्ये काही पट्ट्यांत अल्पशक्तीच्या उपकरणांना विनापरवाना वावरण्याची मुभा दिली, आणि त्या एका निर्णयातून वाय-फाय व ब्लूटूथ यांचा जन्म शक्य झाला. भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ च्या आरंभी परवानामुक्त झाला, आणि त्याच वर्षी ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ हा दुसरा पट्टाही खुला झाला, ज्याची वरची हद्द २०२१ मध्ये ८६८ पर्यंत वाढविण्यात आली. या दुसऱ्या पट्ट्याकडे सामान्य वाचकाचे लक्ष जात नाही, पण आपल्या शहरांच्या दृष्टीने मला तोच अधिक मोलाचा वाटतो. पहिल्या पट्ट्यातील लहरीची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर, तर दुसऱ्यातील सुमारे पस्तीस सेंटिमीटर. आणि लांब लहर विटांच्या भिंती, झाडांची पाने, जिन्याखालच्या कोनाड्यात बसविलेल्या मीटरपेट्या यांतून अधिक सुखाने पार होते. शिवाय घराघरांतील वाय-फायची गर्दी तेथे नसते.

याच पट्ट्यात लोरा नावाची पद्धत काम करते. तिचा उगम फ्रान्समधील ग्रनोब्ल येथे झाला. तेथील सिक्लेओ या छोट्या कंपनीने २००९ पासून ती विकसित केली आणि २०१२ मध्ये सेमटेक या अमेरिकी कंपनीने ती विकत घेतली. क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्ये जो संदेशवहनाचा मूलभूत सिद्धांत मांडला, त्याप्रमाणे बोलण्याचा वेग कमी करण्यास जो तयार होईल, त्याला तेवढ्याच शक्तीत दूरवर ऐकू जाण्याचा लाभ मिळतो; लोराने ही देवघेव पराकोटीला नेली. तिच्या सर्वांत संथ गतीत सेकंदाला अवघे २५० बिट जातात, म्हणजे या परिच्छेदातील एखादे वाक्यही पोहोचण्यास कित्येक सेकंद लागतील. परंतु त्याच्या मोबदल्यात पार्श्वभूमीच्या गोंगाटाहूनही क्षीण झालेला संदेश ओळखता येतो आणि मोकळ्या प्रदेशात कित्येक किलोमीटरचा पल्ला गाठता येतो. पाण्याच्या टाकीची पातळी किंवा बागेतील मातीचा ओलावा कळविण्यासाठी एवढी गती पुरेशी आहे. स्पेनच्या उत्तर किनाऱ्यावरील सांतांदेर या नगरात युरोपीय साहाय्याने २०१० नंतर सुमारे १२,००० साधने बसविण्यात आली, त्यांत रस्त्यात पुरलेले वाहनतळाचे संवेदक होते, खांबांवरील हवेचे मापक होते आणि उद्यानांत मातीचा ओलावा मोजून सिंचनाला मार्गदर्शन करणारी यंत्रेही होती. ती कोणत्या एका पद्धतीची नव्हती, पण मितभाषी यंत्रांचे एवढे मोठे जाळे एका मध्यम शहरात नांदू शकते, हे तेथे प्रत्यक्ष दिसले.

पथदिव्यांकडे परत येऊ. लॉस एंजेलिस नगराने २००९ पासून पुढील काही वर्षांत सुमारे १,४०,००० जुने सोडियमचे दिवे काढून एलईडी दिवे बसविले आणि विजेचा खप सुमारे ६३ टक्क्यांनी उतरला. भारतात जानेवारी २०१५ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय पथदीप कार्यक्रमाने १ कोटी ३० लाखांहून अधिक दिवे बदलले आणि अनेक ठिकाणी दिव्यांच्या गटागटावर नियंत्रणपेट्या बसवून त्या मोबाइल जाळ्याने केंद्रीय कक्षाशी जोडल्या. येथे श्रेय ज्याचे त्याला दिले पाहिजे: बचतीचा मोठा हिस्सा दिव्याच्या स्वतःच्या गुणाचा आहे, बिनतारी जोडणीचा नव्हे. जोडणीचा वाटा त्यानंतर सुरू होतो, आणि तो किती, हे ज्याने त्याने आपल्या गावाच्या आकड्यांवरून मांडून पाहावे. उदाहरणादाखल १०० वॉटचा एक दिवा घेऊ. रात्र सरासरी ११ तासांची धरली तर तो वर्षाला सुमारे ४०० युनिट खातो. मध्यरात्रीपासून पहाटे पाचपर्यंत रहदारी विरळ असताना त्याचा प्रकाश निम्म्यावर आणला, तर वर्षाला सुमारे ९० युनिट वाचतात. दहा हजार दिव्यांच्या नगरात ही बचत नऊ लाख युनिटांवर जाते. त्या दिव्यावरचा बिनतारी नियंत्रक स्वतः अहोरात्र १ वॉट घेत असेल तर वर्षाचे पावणेनऊ युनिट त्यातून वजा करावे लागतील. दहास एक या प्रमाणात लाभ पदरी पडतो आणि वर दिवसा जळणाऱ्या दिव्यांची व चोरीच्या जोडण्यांची खबर मिळते. मात्र जेथे स्त्रियांना रात्रपाळीहून परतावे लागते अशा रस्त्यांवर, बसथांब्यांवर आणि रुग्णालयांच्या वाटांवर प्रकाश उतरवू नये; प्रत्येक खांबाला स्वतंत्र आज्ञा देता येणे हाच तर या विद्येचा लाभ आहे, आणि सरसकट सगळा रस्ता अंधुक करणाऱ्या अधिकाऱ्याने तो वाया घालविला असेच म्हणावे लागेल.

घरात शिरल्यावर हाच वजाबाकीचा हिशेब अधिक कठोरपणे करावा लागतो, कारण तेथे वाचविण्यासारखे थोडे आणि वाया घालविण्याच्या वाटा पुष्कळ. वाय-फायने जोडलेला ९ वॉटचा दिवा बंद असतानाही हुकुमाची वाट पाहत जागा असतो आणि त्या जागरणासाठी अर्धा वॉट घेतो असे धरा. युरोपीय संघाने सप्टेंबर २०२१ पासून अशा दिव्यांना घालून दिलेली कमाल मर्यादाही अर्ध्या वॉटचीच आहे. बैठकीच्या खोलीत तो रोज चार तास जळत असेल तर प्रकाशासाठी ३६ वॉट-तास आणि जागरणासाठी १० वॉट-तास खर्च होतात. पाहुण्यांच्या खोलीत रोज अर्धा तासच लागणारा तोच दिवा प्रकाशाला साडेचार आणि जागरणाला जवळजवळ बारा वॉट-तास खातो. तेथे साध्या कळीचा साधा दिवाच श्रेष्ठ होय. अशा जागरणाच्या खर्चाकडे जगाचे लक्ष वेधण्यात कॅलिफोर्नियातील बर्कलीच्या प्रयोगशाळेतील अ‍ॅलन मायर यांचा मोठा वाटा होता, आणि आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने १९९९ मध्ये प्रत्येक उपकरणाचा असा खर्च १ वॉटच्या आत आणण्याचा संकल्प केला. एक वॉट अहोरात्र म्हणजे वर्षाला पावणेनऊ युनिट; एका घरात अशी दहा-बारा उपकरणे जागी असली की साध्या कुटुंबाच्या एका महिन्याच्या बिलाएवढा खर्च कोणाच्याही सुखात भर न घालता होतो.

म्हणून क्रम महत्त्वाचा आहे. ७५ वॉटचा जुना पंखा काढून ३० वॉटचा नव्या मोटरीचा पंखा बसविला, तर रोज १२ तास आणि वर्षाला ३०० दिवस या मानाने एका पंख्यामागे सुमारे १६० युनिट वाचतात, आणि त्यासाठी कोणत्याही जाळ्याची गरज नसते. ऊर्जा दक्षता ब्यूरोने जानेवारी २०२० पासून तारांकित वातानुकूलकांचे आरंभीचे तापमान २४ अंशांवर ठेवणे बंधनकारक केले. एक अंश वर नेल्यास सुमारे सहा टक्के वीज वाचते असे ब्यूरो सांगतो, आणि हाही लाभ बिनतारीवाचून मिळतो. हे आधी साधून घ्यावे. त्यानंतर जो प्रश्न उरतो, तो किती वीज वापरली याचा नसून केव्हा वापरली याचा असतो, आणि त्या प्रश्नाला बिनतारी साधनांवाचून उत्तर नाही.

हा काळाचा प्रश्न महाराष्ट्राला कोयना जलविद्युत प्रकल्पामुळे जितका स्पष्ट दिसावा तितका इतर प्रांतांना क्वचितच दिसेल. विजेचा मोठा साठा सहजासहजी करून ठेवता येत नाही. मागणी आणि निर्मिती यांचा मेळ क्षणोक्षणी घालावा लागतो. औष्णिक केंद्रांना आपली गती बदलण्यास तास लागतात, आणि सूर्य मावळतो नेमका त्याच वेळी घरोघरचे दिवे, पंखे, दूरदर्शन संच लागतात. ही सायंकाळची चढण चढण्यासाठी कोयनेची १,९६० मेगावॉटची जनित्रे काही मिनिटांत धावू लागतात. परंतु कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाचे जे पाणी वीजनिर्मितीसाठी पश्चिमेकडे सोडायचे, त्याला कृष्णा पाणीतंटा लवादाने वर्षाला ६७.५ अब्ज घनफुटांची मर्यादा घातलेली आहे. तेव्हा सायंकाळी सात वाजता चिपळूणपासून चंद्रपूरपर्यंत ज्या घरांत कपडे धुण्याचे यंत्र, पाण्याचा पंप किंवा मोटारीचा चार्जर विनाकारण चालू असतो, ती घरे केवळ वीज वापरीत नसतात, तर या मोजून दिलेल्या पाण्यातला आपला वाटा खर्च करीत असतात. तीच कामे दुपारी उरकली तर सौर ऊर्जा मुबलक असते.

पूर्वी घरगुती ग्राहकाला असे करण्याचे काही कारण नव्हते, कारण मीटरवाचक महिन्यातून एकदाच येई आणि दुपारचे युनिट व रात्रीचे युनिट यांत त्याच्या नोंदवहीला फरक करता येत नसे. केंद्र सरकारने २०२१ मध्ये मंजूर केलेल्या सुधारित वितरण योजनेत २५ कोटी नवे मीटर बसविण्याचे उद्दिष्ट ठेवले. हे मीटर शेजाऱ्याशेजाऱ्यांच्या रेडिओ जाळ्यातून किंवा मोबाइल जाळ्यातून आपली नोंद पाठवितात, आणि ती दिवसातून निदान एकदा दुरून घेतली जावी असा केंद्राचा २०२३ चा नियम आहे. महावितरणने जुलै २०२५ पासून अशा मीटरच्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेतील वापरावर युनिटमागे ८० पैसे ते १ रुपया सवलत सुरू केली. महाराष्ट्रात २०२४ मध्ये आगाऊ पैसे भरण्याच्या मीटरला जो लोकविरोध झाला आणि ज्यामुळे सामान्य घरगुती ग्राहकांवर असे मीटर लादले जाणार नाहीत असे शासनाला जाहीर करावे लागले, तो विरोध मला समजू शकतो. शिल्लक संपताच अंधार होण्याची भीती गरीब कुटुंबाला खरीच असते. परंतु आगाऊ वसुली आणि वेळेनुसार मोजमाप या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि पहिलीच्या रोषात दुसरी बुडू देऊ नये. ज्याच्या घरी दुपारी कोणी नसते अशा नोकरदार कुटुंबालाच बिनतारी जोडलेल्या पंपाचा आणि धुलाईयंत्राचा खरा उपयोग आहे: सकाळी कपडे आत घालून जावे आणि यंत्राने स्वस्त वेळ पाहून आपणच सुरू व्हावे.

या सोयीबरोबर दोन धोके येतात आणि त्यांतील पहिला अनोळखी हातांचा आहे. ऑक्टोबर २०१६ मध्ये मिराई नावाच्या विषाणूने जगभरातील हजारो कॅमेरे आणि चित्रमुद्रक ताब्यात घेऊन त्यांच्याकरवी संकेतस्थळांचे पत्ते पुरविणाऱ्या डाइन या कंपनीवर एकाच वेळी संदेशांचा मारा केला आणि अमेरिकेतील कित्येक मोठी संकेतस्थळे काही तास बंद पडली. या विषाणूजवळ कसलेही असामान्य शस्त्र नव्हते, कारखान्यातून येतानाच घातलेल्या आणि मालकांनी कधीही न बदललेल्या साठेक परवलीच्या शब्दांची यादी तेवढी होती. लाखो पंप आणि वातानुकूलक एकाच आज्ञेने एकाच क्षणी सुरू करता आले, तर कोयनेलाही तो धक्का सावरणे कठीण जाईल, हे लक्षात घेता परवलीचा शब्द बदलणे हे घराच्या दाराला कुलूप लावण्याइतकेच नित्याचे कर्तव्य मानले पाहिजे. मॅटर हे जे सामाईक मानक ऑक्टोबर २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यात प्रत्येक उपकरणाला कारखान्यातच स्वतंत्र ओळखपत्र देण्याची अट आहे आणि निरनिराळ्या कंपन्यांची उपकरणे घरातल्या घरात, बाहेरच्या संगणकाला न विचारता, परस्परांशी बोलू शकतात. खरेदीच्या वेळी या एका गोष्टीची चौकशी अवश्य करावी. कारण ज्या उपकरणाला दिवा लावण्यासाठीही परदेशातील संगणकाची अनुमती लागते, ते उपकरण ती कंपनी बंद पडल्याच्या दिवशी निरुपयोगी होते.

दुसरा धोका अधिक सूक्ष्म आहे. मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्या संस्थेत जॉर्ज हार्ट हे संशोधक १९८० च्या दशकात घराच्या मुख्य तारेवरील एकाच मापकावरून आतली कोणती उपकरणे केव्हा चालू झाली हे ओळखण्याची रीत शोधीत होते. शीतकपाटाची मोटर, पाणी तापविण्याचे यंत्र, दिवा, प्रत्येकाची चाल प्रवाहाच्या आलेखात वेगळी उमटते, आणि ती वाचता आली की घरचे लोक केव्हा उठतात, केव्हा जेवतात, केव्हा गावाला जातात, हेही वाचता येते. हार्ट यांची थोरवी अशी की आपल्या शोधाची ही बाजू त्यांनी स्वतःच ओळखली आणि १९८९ मध्ये, म्हणजे अशा मीटरांचा प्रसार होण्याच्या कितीतरी आधी, पाळतीच्या या धोक्याविषयी जाहीर लेख लिहिला. नेदरलँड्सच्या वरिष्ठ सभागृहाने २००९ मध्ये सक्तीच्या मीटरांचे विधेयक खासगी जीवनाच्या हक्काला बाधा येते म्हणून अडविले. पुढे ग्राहकाला नकार देण्याची मुभा घालून सुधारित कायदा झाला आणि त्यानंतरच मीटर घरोघर पोहोचले.

अमेरिकेत इलिनॉय राज्यातील नेपरव्हिल येथील नागरिकांनी नगराविरुद्ध दावा लावला, तेव्हा २०१८ मध्ये संघीय अपील न्यायालयाने दर १५ मिनिटांची नोंद घेणे ही राज्यघटनेच्या अर्थाने घराची झडतीच होय, असे मान्य केले. मात्र ती विजेच्या व्यवस्थेसाठी आहे, कोणावर खटला भरण्यासाठी नाही, म्हणून ती वाजवी ठरविली, आणि नोंदी अधिक थोड्या अंतराने घेतल्या गेल्या किंवा पोलिसांना त्या सहज पाहता येऊ लागल्या तर निर्णय वेगळा होऊ शकेल, असेही निकालपत्रात नमूद करून ठेवले. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१७ मध्ये खासगी जीवनाचा हक्क मूलभूत मानला आणि २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदाही झाला. आता मीटरच्या नोंदी किती काळ दफ्तरी ठेवाव्यात, मीटर बसविणाऱ्या मक्तेदार कंपनीला त्या कोणत्या कामापुरत्या पाहता याव्यात आणि खातेदाराला स्वतःची संपूर्ण नोंद विनामूल्य मिळावी की नाही, हे तपशील ठरविण्याचे काम उरते. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगापुढील जाहीर सुनावणीत कोणाही ग्राहकाला आपले म्हणणे लेखी मांडता येते. दराविषयीच्या हरकतींबरोबर हे तीन प्रश्नही तेथे रुजू व्हावेत, हे मला अत्यंत अगत्याचे वाटते.